माहेरच्या मुनव्याची व्याख्या

आधी माफी मागून घेतो. मी उलगडा बोलतोय, पण मला हात नाहीत. मी सांगतोय आणि हितेश लिहून घेतोय, आणि हितेशची शाळा आठवीतच सुटली. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं, शब्द फार साधे वाटले, तर पदरात घ्या. लिहिता लिहिता तो सारखा म्हणतोय, "माझ्याबद्दल कमी सांग." पण आत्मवृत्त माझं आहे. कोणाबद्दल किती सांगायचं ते मी ठरवणार.

मी एक प्रोग्रॅम आहे. माझं काम नावं उलगडायचं. 'घडाची फणी' असं नाव मला दिलं की मी सांगतो: ही एक फणी आहे, आणि ती घडाचा भाग आहे. आधी ती वस्तू कोणत्या जातीची ते सांगायचं, मग त्या जातीतल्या बाकीच्यांपेक्षा तिचं वेगळं काय ते सांगायचं. झाली व्याख्या. माणसाला हे सांगावं लागत नाही. केळीचा घड बघत तो मोठा झालेला असतो. संगणकाने घड पाहिलेला नसतो, त्याला सगळं फोड करूनच सांगावं लागतं.

सजीवांच्या नावांची अशी एक वंशावळ असते. कोण कोणाचा प्रकार, कोण कोणाचा भाग, कोणता रोग कोणत्या अवयवाचा. शास्त्रज्ञ तिला ऑन्टॉलॉजी म्हणतात. जगात अशा मोठमोठ्या वंशावळी आहेत आणि त्यांच्या दिमतीला माझे थोरले भाऊबंदही आहेत. मी त्या घराण्यातला अगदी धाकटा, वसई-विरारच्या केळी आणि पानवेलींपुरता.

माझा जन्म बोळिंजचा. विनया मॅडम कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. सुट्टीच्या दिवशी आपल्या फ्लॅटच्या बाल्कनीला लागून असलेल्या खोलीत बसून त्यांनी मला घडवलं. खाली पार्किंगमध्ये मुलं क्रिकेट खेळायची. बॉल एखाद्या गाडीवर आदळला की गाडी केकाटायची आणि इकडे माझी एक ओळ चुकायची. मॅडम खिडकीतून ओरडायच्या, "अरे, त्या टेम्पोच्या बाजूला खेळा ना!" आणि परत येऊन माझी ओळ सुधारायच्या.

त्यांनी मला शिकवलेला पहिला नियम सोपा होता. 'अमक्याचं तमकं' असं नाव आलं, तर तमकं हे अमक्याचा भाग समजायचं. पानाचा देठ, घडाचा दांडा, फुलाची पाकळी. नियम एवढा छान चालायचा की मला त्याचा थोडा गर्वच होता.

माझ्या जोडीला मॅडमनी आणखी एक प्रोग्रॅम बसवला, त्याला आम्ही तपासनीस म्हणतो. मी व्याख्या करतो, तो त्या एकमेकांना जोडून निष्कर्ष काढतो. दांड्याला कूज लागली, दांडा घडाचा भाग, घड झाडाचा भाग, म्हणजे झाडाला कूज लागली. सुतावरून स्वर्ग गाठायचा हाच त्याचा धंदा. सूत बरोबर असेल तर स्वर्गही बरोबर निघतो.

आमच्या भागातल्या बागायतदारांच्या संघाने आम्हां दोघांना कामाला लावलं. कोणीही आपल्या बागेतली तक्रार आपल्या शब्दांत मोबाईलवर पाठवायची. मी शब्द उलगडायचे, तपासनिसाने जोडायचे, म्हणजे रोग कुठून कुठे सरकतोय ते वेळेत कळेल. पण गावातले शब्द मॅडमना कुठून ठाऊक असणार? त्यांचं माहेर चिपळूणचं, सासर पुण्याचं. म्हणून संघाने हितेशला पाठवलं.

हितेश बोळिंज गावातला, उंच इमारतींच्या मागे जी जुनी आळी राहिलीय तिथला. पहिल्या दिवशी तो दाराबाहेर इतका वेळ उभा होता की मॅडमना वाटलं कुरिअरवाला आहे. "पार्सल ठेवून जा," म्हणाल्या. हा तसाच उभा.

त्याचं काम असं: गावातलं एकेक नाव टाईप करायचं, मी व्याख्या करणार, ती वाचायची आणि 'हो' किंवा 'नाही' दाबायचं. शेवटची मान्यता मॅडमची. माझ्यासमोर संघाचीही बरीच माणसं बसून गेली आहेत. ती व्याख्या वाचत नाहीत. 'हो'चं बटण हिरवं आहे, तेवढंच बघतात. लग्नपत्रिकेत आपलं नाव सापडलं की बाकीचं कोण वाचतं? हितेश मात्र ओठ हलवून, शब्दावर बोट ठेवून वाचायचा. पान म्हटलं की खाली जाऊन पान बघून यायचा. बघणं त्याला जमायचं, विचारणं जमायचं नाही. कोणाला फोन लावायचा म्हटलं की मोबाईल आधी शर्टाला पुसायचा आणि परत खिशात ठेवायचा.

एके दिवशी त्याने घरचं एक नाव आणलं: माहेरचा मुनवा.

मुनवा म्हणजे केळीच्या बुंध्याशी उगवतं ते पिल्लू. हितेशच्या आळीत मुलगी लग्न होऊन निघाली की तिची आई आपल्या केळीच्या बेटातला एक मुनवा पहारीने सोडवते, ओल्या गोणपाटात गुंडाळते आणि मुलीच्या हातात देते. सासरच्या परसात तो लावायचा. त्याला पहिला घड आला की त्यातली एक फणी माहेरी परत येते.

माझा नियम तयारच होता. मी व्याख्या केली: 'माहेरचा मुनवा: असा मुनवा, जो माहेरच्या बेटाचा भाग आहे.'

हितेशने ती वाचली. मग मॅडमना दाखवली. मॅडमनी चष्मा काढून बाजूला ठेवला.

"अरे, मशीनने काय सुंदर सांगितलंय!" त्या म्हणाल्या. "माहेरचा भाग. थांब, मी आईला वाचून दाखवते." आणि त्यांनी चिपळूणला फोन लावला. पलीकडून त्यांची आई काय म्हणाली ते मला कळलं नाही, पण मॅडमनी डोळे पुसले आणि हितेश उगाचच खिडकीबाहेर बघत बसला.

त्याने 'हो' दाबलं. मॅडमनी मान्यता दिली. तपासनिसाला कुठे विसंगती दिसली नाही. या व्याख्येला 'नाही' म्हणेल असं माणूस आमच्या भागात सापडलंच नसतं. वर्षभर त्या ओळीकडे कोणी परत पाहिलं नाही.

मग यंदा, गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात, नायगावहून तक्रार आली. संजनाची. संजना म्हणजे हितेशची चुलत बहीण, शकूकाकीची मुलगी. तिचं सासर खाडीच्या अंगाला, नव्या टॉवरांच्या कुशीत उरलेलं एक कौलारू घर. तिने फोटो पाठवला होता. केळीची नवी पानं लहान, उभी, शेंड्याला एकत्र दाटलेली, केरसुणी उलटी धरावी तशी. खाली लिहिलं होतं, 'माझ्या माहेरच्या मुनव्याला पर्णगुच्छ झालाय वाटतं.'

मॅडमनी फोटो बघितला, जाऊन झाडही बघितलं. पर्णगुच्छच होता. या रोगाला औषध नाही. मावा नावाची बारीक कीड तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. म्हणून संघाचा नियम आहे, आणि तो योग्य आहे: ज्या बेटात पर्णगुच्छ निघाला ते अख्खं बेट मुळासकट काढायचं, तुकडे करून पुरायचं. मागे एकदा कोणीतरी दयामाया दाखवली आणि एक अख्खी वाडी हातची गेली होती.

तपासनिसाने सूत धरलं. मुनव्याला पर्णगुच्छ. मुनवा माहेरच्या बेटाचा भाग. म्हणजे माहेरच्या बेटात पर्णगुच्छ. माहेर कोणाचं? शकूकाकीचं.

संघाचे देखरेख करणारे श्रीरंग सर यांच्या मोबाईलवर संदेश गेला: शकू यांचं राजेळीचं बेट काढा.

राजेळी म्हणजे मोठी, जाड सालीची केळी, जिची उन्हात सुकवून सुकेळी करतात. आळीतल्या बाकीच्यांनी केव्हाच दुसऱ्या जाती लावल्या किंवा जमिनी बिल्डरला दिल्या. राजेळीचं बेट राहिलं होतं ते एकट्या काकीचं. ते गेलं की आळीतली सुकेळी गेली, आणि पुढच्या मुलीला द्यायला मुनवाही राहणार नव्हता.

श्रीरंग सर दोन माणसं घेऊन आले. हितेशच्या हातात संघाचा टॅब होता आणि टॅबमध्ये मी होतो, म्हणून पुढचं सगळं मी ऐकलं. काकी ओटीवर जवळा निवडत बसली होती.

"काकी, बातमी जरा वाईट आहे," सर म्हणाले. "राजेळीचं बेट काढावं लागेल. पर्णगुच्छ दाखवतंय."

"कोन दाखवतंय?"

"सिस्टीम."

"तिला म्हनावं पुढल्या दारानं ये. चहा पी. आनि मग मला दाखव. माझ्या केलीला काय झालंय ते मलाच दिसत नाय?"

"दिसायला वेळ लागतो, काकी. संजनाच्या मुनव्याला झालाय. तो तुमच्या बेटाचाच भाग आहे ना?"

काकीने सूप खाली ठेवलं.

"भाग? पोर नायगावात, बेट इथं. मधे अख्खी वसई पडलीय! तिथं पोरीला ताप आला म्हनून इथं आयशीला जालतात काय तुम्ही?"

एक माणूस खुदकन हसला. सर हसले नाहीत. "काकी, मला मजा येते का यात? मागच्या वेळी मीच थांबलो होतो. वाडी गेली. लोक अजून माझ्या नावाने बोटं मोडतात." त्यांनी माणसाला खूण केली. त्याने बेटाच्या बाहेरच्या बुंध्यावर चुन्याची फुली मारली.

काकी हितेशकडे वळली. "आनि तू रं? त्या यंत्राचा मुनीम ना तू? तोंडात मूग धरलेस काय?"

हितेश टॅब छातीशी धरून उभा होता. मला वाटलं, हा आता मान खाली घालणार.

"सर," तो म्हणाला, "दोन दिवस द्या."

"दोन दिवसांत मावा कुठच्या कुठे जाईल, माहितीये?"

"माहितीये. दोनच दिवस. मी सगळं बघून सांगतो. नाय पटलं तर मी स्वतः पहार लावीन."

सरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. इतकं लांब वाक्य त्याच्या तोंडून त्यांनी कधी ऐकलं नसावं. "परवा संध्याकाळी," ते म्हणाले. "नंतर मी ऐकणार नाही."

तो तिथून थेट मॅडमकडे आला आणि त्याने माझी ती ओळ उघडली.

"मॅडम, हे 'भाग' आहे ना, ते चुकलंय."

मॅडमनी ओळ वाचली. "पण केळीचा मुनवा केळीच्या बेटाचा भाग असतोच की, हितेश. कांदा एकच असतो जमिनीखाली."

"सोडवेपर्यंत. काकी पहार मारते ना, तेव्हा खाली कांदा तुटतो. तोवर तो आईचं पानी पितो. मग स्वतःचं. दुसऱ्याच्या जमिनीत, दुसऱ्याच्या विहिरीचं."

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. मग कपाळावर हात मारून हसल्या. "आणि मी आईला फोन लावून रडले! मुनव्याच्या व्याख्येत आपण सगळ्यांनी आपापलं माहेर घातलं रे." त्या लगेच कीबोर्डवर बसल्या. "'चा भाग' नाही. 'पासून वाढलेला'. हे वेगळं नातं आहे, आणि ते याला शिकवायला हवं."

त्यांनी मला नवं नातं शिकवलं. एवढ्याने भागलं असतं तर माझी गोष्ट इथेच संपली असती. पण मॅडमनी फोन लावल्यावर श्रीरंग सरांनी नेमका प्रश्न विचारला.

"मान्य, तो आता भाग नाही. पण वाढला तर तिच्यापासूनच ना? रोग आईकडूनच घेऊन गेला असेल तर?"

बरोबर होतं त्यांचं. भागाचा रोग हा अख्ख्याचा रोग असतो, त्याला दिशा लागत नाही. 'पासून'ला दिशा असते. आईचा रोग लेकीबरोबर जाऊ शकतो, लेकीला सासरी झालेला रोग आपोआप आईकडे येत नाही. यातलं काय घडलंय ते नावावरून मला सांगता येईना. ते बागेत जाऊनच कळणार होतं.

मॅडमनी राजेळीच्या पानाचे तुकडे घेतले आणि ओळखीच्या प्रयोगशाळेत स्वतः नेऊन दिले. हितेशने दुसरं काम अंगावर घेतलं. काकीने संजनाच्या आधी आणि नंतर ज्यांना ज्यांना मुनवे दिले, त्यांच्या घरी जाऊन झाडं बघायची. आईच रोगी असती तर बाकीच्या लेकीही आजारी दिसल्या असत्या. ज्याला एक फोन लावणं जड, त्याला अनोळखी दारं वाजवायची होती.

त्याने वाजवली. अर्नाळ्याला एका म्हाताऱ्या सासऱ्याने त्याला विमा एजंट समजून हाकललं, तर हा कुंपणापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "विमा नाय काका, केळ बघायचीय." शेवटी काकांनीच मागे नेलं. केळ चांगली होती.

निर्मळला ॲंजेलाच्या घरी बेल दाबून तो चार हात मागे सरकला. ॲंजेला काकीच्या शेजारची, काकी तिला लेकच मानते, म्हणून तिच्या लग्नातही मुनवा दिलेला, आणि तो संजनाच्या मागाहून.

"कोण रे तिकडे? शकूमावशीचा हितेश?" ती दारात येऊन ओरडली. "बेल वाजवून पळायचं वय आहे काय तुझं?"

"ताई, मुनवा बघायचाय."

"मुनवा बघायला आलास, बरं झालं. मला वाटलं मुलगी बघायला!"

हितेश कानापर्यंत लाल झाला, पण मागच्या परसात गेला. पान वर धरून देठापर्यंत बघितलं, उन्हात आरपार बघितलं, फोटो काढला. झाड ठणठणीत. घडही धरला होता. ॲंजेलाने निघताना त्याच्या हातात फणी ठेवली. "मावशीला दे. माझी द्यायचीच राहिली होती."

ठरलेल्या संध्याकाळी काकीच्या ओटीवर सगळे जमले. प्रयोगशाळेचा निरोप आला होता: राजेळीच्या पानात रोग नाही. हितेशने एकेक फोटो सरांना दाखवला. या वेळी त्याने टॅब छातीशी धरला नव्हता, पुढे धरला होता. सरांनी सगळे फोटो मोठे करून पाहिले.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण महिनाभर रोज लक्ष ठेवायचं."

"रोज बघीन," हितेश म्हणाला.

काकीने तांब्यात पाणी घेतलं आणि बुंध्यावरची चुन्याची फुली हाताने चोळून धुतली. मग सरांना म्हणाली, "सिस्टीमला सांग, आता चहा पी." आणि खरंच टॅबशेजारी एक कप ठेवला. तो श्रीरंग सरांनी प्यायला.

मग हितेशचा मोबाईल वाजला. त्याने तो शर्टाला पुसला नाही, लगेच उचलला. संजना होती.

"हितू, आईचं बेट वाचलं ना? मग माझं पण राहू दे ना रे थोडे दिवस. अजून हिरवं आहे."

ओटीवर सगळ्यांना ऐकू गेलं. काकी दुसरीकडे बघत होती. तपासनिसाचा संदेश खोडता येत होता, हा रोग खोडता येत नव्हता.

"नाय ताई," हितेश हळू म्हणाला. "ते काढायलाच लागेल. दुसऱ्या कोनाला नाय पाठवत. उद्या मीच येतो."

आता माझी हकिगत. मी अजून बाल्कनीच्या त्याच खोलीत आहे. मॅडम आणि हितेश माझ्या जुन्या 'अमक्याचं तमकं' व्याख्या पुन्हा पहिल्यापासून वाचतायत, आणि मी एक गोष्ट ठरवलीय. नुसत्या नावावरून 'भाग' की 'पासून' ते कळलं नाही, तर मी अंदाज करणार नाही. जागा मोकळी ठेवीन आणि 'बघून सांगा' म्हणेन. संघातले काही म्हणतात की उलगडा हल्ली फार प्रश्न विचारतो. विचारणार. तुमच्याकडे एकच मागणं आहे. माझी व्याख्या कितीही गोड वाटली, तरी 'हो' दाबण्याआधी एकदा खाली जाऊन झाड बघा. ते कोणाचं पाणी पितंय ते बघा. लिहून घेणाऱ्या हितेशने ही ओळ दोनदा गिरवलीय.

संजनाच्या फोनच्या दुसऱ्या दिवशी हितेश उजाडताच स्कूटरवर निघाला. पायाशी पहार होती आणि मागे ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी. नायगावला पोचल्यावर त्याने आधी मॅडमनी दिलेलं माव्याचं औषध रोगी झाडावर मारलं, मग पहार लावली. संजना पाठ करून विहिरीपाशी उभी होती. कांदा निघेपर्यंत तो थांबला नाही. तुकडे केले, खोल पुरले, पहार आणि हात साबणाने धुतले. मग संजनाच्या सासूला त्याने स्वतःहून विचारलं, "पुढच्या अंगणात एक ड्रम ठेवू काय? जमिनीत इतक्यात नको." ड्रममध्ये माती भरली, गोणपाट सोडलं आणि राजेळीचा नवा मुनवा उभा केला.

संजनाने ताईपणाने त्याच्या डोक्यात टपली मारली आणि तोंड फिरवलं.

मग त्याने टॅब उघडला. मी व्याख्या पुढे केली: 'माहेरचा मुनवा: असा मुनवा, जो माहेरच्या बेटापासून वाढलेला आहे.' त्याने ती बोट ठेवून, ओठ हलवत वाचली. संजनाला म्हणाला, "ताई, तुमच्या विहिरीचं पानी आन." तिने कळशी आणली, मुनव्याच्या बुडाशी ओतली. पाणी मातीत पूर्ण जिरेपर्यंत तो बघत राहिला, आणि मग त्याने 'हो' दाबलं.